पत्त्याचा रकाना

माझ्या बायकोला मी एक तक्ता करून दिला होता आणि तो खोटा होता. हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तिला नाही, मित्रांना नाही, रविवारी विहारात शेजारी बसणाऱ्यालाही नाही. तसं मी कुणाला काहीच सांगत नाही, त्यामुळं हेही सांगितलं नाही यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. कमी बोलणाऱ्या माणसाची ही मोठी सोय आहे. तो काही लपवतोय की नुसताच गप्प आहे, बाहेरून कळत नाही.

तक्ता म्हणजे काय ते आधी सांगतो. मी धाराशिवला एका कचेरीत खरेदीचं टेबल सांभाळतो. कोणत्या कचेरीत ते सांगून कुणाचं भलं होणार नाही. सकाळी येरमाळ्याहून एसटीनं जातो, संध्याकाळी एसटीनं येतो, आणि मधल्या वेळात खुर्च्या, पंखे, कपाटं आणि झेरॉक्सचे कागद विकत घेतो. नियम असा की काहीही घ्यायचं तर तीन दुकानांची दरपत्रकं मागवायची, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा, शेवटच्या रकान्यात शेरा मारायचा आणि फाईल वर पाठवायची. नियम चांगला आहे. नियम चांगलेच असतात.

एक दुकानदार तिन्ही दरपत्रकं एकाच पाकिटातून आणायचा. तीन दुकानांची तीन छापील पानं, तीन शिक्के, तीन सह्या. एकदा तिन्हींवर चहाच्या कपाचा गोल डाग होता. वरच्या पानावर ठळक, मधल्यावर फिका, खालच्यावर नुसती कड. म्हणजे तिन्ही दुकानांनी एकाच कपातून चहा घेतला होता. मी डागासकट फाईल पुढं पाठवली. खाली लिहिलं, सविनय सादर.

याहून बारीक एक कसब आहे, ते शिकायला मला चार वर्षं लागली. दरपत्रकं उघडली आणि नको असलेलाच माणूस सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगला निघाला, तर काय करायचं? तक्त्यात एक रकाना वाढवायचा. त्याच्याकडं जे नाही नेमकं तेच विचारणारा. दुरुस्ती केंद्र आहे का, गोदाम आहे का, अमुक दाखला जोडलाय का. मग शेरा मारायचा, तांत्रिक कारणास्तव अपात्र. कुणाला शिवी नाही, कुणावर आरोप नाही, आणि माणूस गारद.

आता बायको. ती ब्लाउज शिवते. डीएड झालेली आहे, पण नोकरीची वाट बघता बघता तिच्याबरोबरच्या सगळ्यांनी वाट बघणं सोडलं, तशी तिनंही सोडली. शिलाई मशीन तिच्या माहेरची, लोहाऱ्याची. आमच्या लग्नात वऱ्हाडाच्या जीपच्या टपावर बांधून आली. लग्नाला बावीस वर्षं झाली, म्हणजे मशीनलाही तेवढीच झाली.

शेजारच्या भाभी पिको-फॉलचं काम करतात. त्यांच्या मालकांचं हायवेला पंक्चरचं दुकान आहे. दुपारी दोघी एका मोबाईलवर काहीतरी बघत बसायच्या. मला वाटायचं मेंदीचे नाहीतर बाहीचे नमुने असतील. एका संध्याकाळी मी चपला काढतोय तोवर बायको म्हणाली, “अहो, तुमी कचेरीत एवढ्या खरेद्या करता. माझी एक करा.”

“काय घ्यायचंय?”

“कोर्स.”

तिनं जे सांगितलं ते असं. एखादी वस्तू आपण वापरायची, तिच्याबद्दल लिहायचं किंवा व्हिडिओ करायचा, खाली लिंक द्यायची. त्या लिंकवरून कुणी ती वस्तू घेतली की आपल्याला थोडी रक्कम मिळते. याला अफिलिएट मार्केटिंग म्हणतात, आणि ते शिकवणारे ऑनलाइन कोर्स निघालेत.

“म्हणजे दलाली,” मी म्हणालो.

“व्हय, दलालीच. पण बैलबाजारातला दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवतो. हितं सगळं उघड्यावर.”

“उघड्यावर म्हणजे खरं असतंच असं नाही.”

“म्हणून तर तुमाला इचारतेय. घ्यावा का न्हाय, तेवढं बघा.”

मी सांगितलं, तीन दरपत्रकं आण. ती हसली. “लग्नाच्या टायमाला मागवली होती का तीन?”

“तेव्हा मी खरेदीच्या टेबलावर नव्हतो,” मी म्हणालो. माझ्या मानानं हे भाषण झालं. ती हे वाक्य भाभींना सांगायला लगेच शेजारी गेली.

तिनं खरोखर तीन कोर्स काढून आणले. पहिला एका कोटातल्या माणसाचा. मागं लाल गाडी, समोर तो, आणि पडद्यावर उलटं चालणारं घड्याळ. सवलत संपायला पंधरा मिनिटं, फक्त तीन जागा शिल्लक. मी पान बंद करून पुन्हा उघडलं. पुन्हा पंधरा मिनिटं, पुन्हा तीन जागा. जेवण करून उघडलं तरी तेच. आमच्या कचेरीतल्या शेवटच्या तारखाही अशाच असतात, त्यामुळं मला राग आला नाही. उलट जरा आपुलकीच वाटली.

दुसरा कोर्स वेगळ्या नावाचा, वेगळ्या रंगाचा. पण कोर्स करून नशीब पालटलेल्या लोकांच्या फोटोंत एक चेहरा ओळखीचा निघाला. पहिल्या कोर्समध्ये तो नाशिकचा किराणा दुकानदार होता, दुसऱ्यात नागपूरचा इंजिनिअर. शर्ट तोच, दात तेच, टेकलेली गाडीही तीच. चहाचा डाग मला लगेच दिसला. बरं, या दोन्हींना पहिला आणि दुसरा नंबर देणारं एक पानही तिनं शोधलं होतं, दहा कोर्सची तुलना करणारं. प्रत्येक नावाखाली लिंक. म्हणजे तुलनेचा तक्ता करणाराच दुकानदार होता. ते पान वाचताना मला टेबलावर बसल्यासारखं वाटलं.

तिसरा कोर्स एका बाईंचा. कोट नाही, गाडी नाही, मागं भिंतीला कॅलेंडर आणि पंख्याचा घरघर आवाज. पहिले तीन धडे फुकट. पहिल्याच धड्यात त्या सांगत होत्या की बहुतेकांना पहिले सहा महिने काही मिळत नाही, काहींना कधीच मिळत नाही. कर्ज काढून हा वर्ग लावू नका. तीन धडे बघा, अभ्यास लिहून पाठवा, मग ठरवा. पैसे भरल्यावर पंधरा दिवसांत नको वाटलं तर परत देईन.

माझ्या सगळ्या नोकरीत एकाही दुकानदारानं मला ‘खुर्ची मोडूही शकते’ असं लिहून दिलेलं नाही. मला संशय आला. खाली फोन नंबर होता, तो मी कचेरीतून लावला. बाईंनी स्वतः उचलला. मागं कुकरची शिट्टी.

मी विचारलं, “बाई, तुमचं पोट कशावर चालतं? या कामावर, की हे काम शिकवण्यावर?”

“निम्मं निम्मं,” त्या म्हणाल्या. “शिकवण्यावर जास्त मिळालं की मला त्या महिन्यात जरा लाजच वाटते. तुम्ही कुणासाठी विचारताय?”

“मंडळींसाठी.”

“मग मंडळींनाच फोन करायला सांगा ना.”

मी फोन ठेवला. त्या क्षणी माझं मत झालेलं होतं. असल्या वर्गाचं दुसरं काय तपासायचं? फुकट दाखवतात ते खरं आहे का, पैसे परत मिळतात का, शिकवणारा स्वतः तेच काम करतो का, आणि तोटा होऊ शकतो हे तो आधी सांगतो का. चारही ठिकाणी बाई पास होत्या. शेरा माझ्या डोक्यात तयार होता, शिफारस करण्यात येत आहे. तेवढंच लिहिलं असतं तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

त्या रविवारी बायकोनं मोबाईल माझ्या हातात दिला. “तिसऱ्या बाईंचं सगळं ह्यात हाय. बघून ठेवा,” म्हणाली आणि ब्लाउज द्यायला बाहेर गेली. येडेश्वरीच्या यात्रेचे दिवस जवळ आले होते, गावभर ब्लाउज पोचवायचे होते. मी नियम, अटी, परतावा सगळं वाचलं. मग बोट आणखी खाली गेलं. तिथं तिनं पाठवलेला अभ्यास होता.

बाईंनी सांगितलं होतं, घरात दहा वर्षांहून जास्त टिकलेल्या एका वस्तूबद्दल खरं लिहा, चांगलं आणि वाईट दोन्ही. तिनं मशीनवर लिहिलं होतं. मला ते पाठ आहे.

‘ही मशीन बावीस वर्षांपूर्वी माझ्याबरोबर या घरात आली. पायाची आहे, त्यामुळे लाईट गेली तरी काम थांबत नाही. जाड कापडाला कुरकुरते. सुई मोडली तर वाटतं मशीन बिघडली, पण दुसरी सुई घातली की कळतं, चूक आपल्या हाताची होती. तेल संपलं की आवाज करून सांगते, तेल दिलं की गप्प होते. आमच्या घरात बावीस वर्षांचं आणखी एक आहे. ते काही संपलं तरी सांगत नाही आणि काही दिलं तरी बोलत नाही. दोन्हींतलं एकच घ्यायचं असेल तर मशीन घ्या.’

खाली बाईंचं उत्तर होतं. ताई, हे वर्गात सगळ्यांना वाचून दाखवलं तर चालेल का?

खरं सांगतो, पहिल्यांदा मला हसू आलं. एकटा बसून हसलो. मग वर्गात किती जणी आहेत ते बघितलं. बऱ्याच होत्या. मग हसू गेलं. उरलेले धडे किती ते मोजलं. पुढच्या धड्यात कुकर आला असता, त्याच्या पुढच्यात मिक्सर, आणि प्रत्येकाच्या शेवटी मी. घरातली एक न बोलणारी वस्तू म्हणून मी महाराष्ट्रभर पोचणार होतो, लिंक न लावता.

आणखी एक गोष्ट होती आणि ती जास्त लागली. मी आयुष्यभर लिहीत आलोय. टिपणी, शेरे, स्मरणपत्रं. माझं एक वाक्य कुणी कुणाला कधी वाचून दाखवलेलं नाही. हिनं आयुष्यात पहिल्यांदा काही लिहिलं आणि पलीकडचं माणूस विचारतंय, वाचून दाखवू का.

ती परत आली. चपला काढतानाच तिनं विचारलं, “वाचलं का सगळं?”

“दरपत्रक वाचलं.”

“तेवढंच?”

“तेवढंच.”

मग आत जाऊन तिनं चहा टाकला. मी तो अभ्यास वाचावा म्हणूनच तिनं मोबाईल हातात दिला होता का, हे मला अजून कळलेलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी फुलस्केप कागद घेतला, पट्टी घेतली आणि तक्ता आखला. कोर्सचं नाव, कालावधी, किंमत, परताव्याची अट. इथपर्यंत बाई तिघांत वर होत्या. मग पट्टी सरकवून मी आणखी एक रेघ मारली. कार्यालयाचा पत्ता. पहिल्या दोन्ही कोर्सवाल्यांनी मोठमोठे पत्ते छापले होते, अमुक टॉवर, तमुक मजला. बाई घरातून शिकवत होत्या, त्यांनी पत्ता दिला नव्हता. त्या रकान्यात मी ‘नाही’ लिहिलं आणि शेऱ्यात लिहिलं, ओळख पटत नसल्याने अपात्र. पहिल्या दोघांपुढं, फसवणुकीची शक्यता. सगळ्यात खाली, सबब खरेदी करू नये.

फोनवरचं बोलणं कोणत्याच रकान्यात नव्हतं.

संध्याकाळी तक्ता वाचायला भाभीही आल्या. त्यांनी कागद उभा धरला, आडवा धरला.

“भाईसाब, पत्त्याचा खाना दिसतोय. बाई शिकवते कशी, तो खाना कुठं हाय?”

“तो नमुन्यात नसतो.”

“हौ? मग मुख्य तेच नसतंय की.”

“भाभी, त्यांचं रोजचं काम हाय हे,” बायको म्हणाली. “सरकारच्या पैशाला हात लावायच्या आधी ह्यांना इचारतात.”

“सरकारचा पैसा हाय म्हणून इचारतात. माझा पैसा माझा हाय,” भाभी म्हणाल्या. “पण तक्ता मस्त काढला भाईसाब. रेघा एकदम सरळ.”

बायकोनं कागदाची घडी घालून मशीनच्या खणात ठेवली. मला म्हणाली, “बरं झालं तुमाला इचारलं.” आणि पुन्हा शिवायला बसली.

हे एवढ्यावर राहिलं असतं तर मी विसरलो असतो, मी विसरण्यात तरबेज आहे. पण चार-पाच दिवसांनी ती काज करता करता, माझ्याकडं न बघता म्हणाली, “त्या बाईनं माझ्या लिहिण्याचं कौतुक केलं होतं. मला लई बरं वाटलं होतं. आता ती बाईच बोगस म्हणल्यावर तिचं कौतुक बी बोगसच की. सगळ्यांनाच तसं म्हणत असंल.”

“काय लिहिलं होतंस?” मी विचारलं. हे मी विचारलं. तोंड वर करून.

“काय न्हाय. मशीनचं. म्या ते पुसून टाकलं.”

म्हणजे वर दिलंय ते आता फक्त माझ्याकडं आहे. तिच्याकडं नाही.

भाभींनी मात्र त्या बाईंचा वर्ग लावला. पहिले कित्येक महिने त्यांना काही मिळालं नाही, तेव्हा मला माझ्या तक्त्याबद्दल पुन्हा जरा आदर वाटू लागला होता. मग त्यांनी कात्र्यांवर एक व्हिडिओ केला. चार कात्र्या समोर ठेवून, ही घेऊ नका, हीबी घेऊ नका, ही घेतली तर पस्तावाल, ही चालंल पण धार तुमची तुम्ही लावा. त्यांचं ते अर्धं दखनी, अर्धं मराठी बोलणं लोकांना आवडलं. त्यातून बंगले उभे राहिले नाहीत. दोऱ्याचं आणि रिचार्जचं भागतं, कधी तेवढंही नाही. पण धाराशिवच्या बाजारात एका बाईनं त्यांना ओळखलं आणि विचारलं, “तुम्हीच ना कात्रीवाल्या?” ही गोष्ट भाभींनी आमच्या गल्लीत प्रत्येक उंबऱ्यावर वेगळी सांगितली.

एकदा मी आत दाढी करत होतो आणि बाहेर दोघींचं चाललं होतं.

“तुझ्या मालकाच्या तक्त्यानं नुकसान केलं बघ तुझं,” भाभी म्हणाल्या.

“चुकलं असंल त्यांचं. माणूसच हाय.”

“एवढ्या सरळ रेघा मारणारा माणूस चुकतोय व्हय?”

“रेघा सरळ असल्या तरी चुकतंय की, भाभी. माझी बाही चुकत न्हाय का?”

मी साबण लावलेल्या तोंडानं तसाच उभा राहिलो. भाभींना माझ्या लबाडीचा वास आला होता. बायकोनं मात्र मला माफ केलं होतं, आणि तेही न केलेल्या चुकीबद्दल. आत आल्यावर ती मलाच समजावू लागली. “मनाला लावून घेऊ नका. इतक्या वर्षांत एक चुकलं तर काय झालं.”

मी म्हणालो, “हूं.”

मग एवढं मात्र म्हणालो की अजूनही लावता येईल तो वर्ग. ती म्हणाली, “आता काय लिहू? तवा जे लिहायचं होतं ते लिहून झालं.” आणि तिनं मशीनला तेल घातलं.

रविवारी आम्ही विहारात जातो. सगळे मिळून पंचशील म्हणतात. पहिली तीन शीलं मी चांगल्या आवाजात म्हणतो. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथं मला खोकला येतो. ढोंग नाही, खरोखरच येतो. पाचवं दारूचं, ते मी पुन्हा खणखणीत म्हणतो, कारण दारूला मी कधी शिवलेलो नाही. पुण्य सोपं असेल तिथं माझा आवाज मोठा असतो.

मागं एकदा घरी येताना बायको म्हणाली, “चौथ्यालाच कसा हो येतो तुमाला खोकला?”

“धूळ असते.”

“चौथ्यालाच?”

ती माझ्याकडं बघून हसली आणि पुढं चालू लागली. त्या हसण्याचा अर्थ काय, ते मी अजून विचारलेलं नाही. तिला सगळं ठाऊक असेल असं म्हणून स्वतःची सुटका करून घेणं फार सोपं आहे. ते मी दोनदा करून बघितलं, जमलं नाही.

हे छापलं जाईल, आणि कुणीतरी तिला आणून दाखवेल. बहुधा भाभीच आणतील, आणि आणताना आमच्या गल्लीत सगळीकडं दाखवत आणतील. पण तिनं वाचणं वेगळं आणि मी सांगणं वेगळं. इतकं मलाही कळतं. कागदावर पुढं पाठवून मोकळं होणं हा माझा धंदाच आहे. तो तक्ता अजून मशीनच्या खणात आहे, बॉबिनच्या डबीखाली.

तिचं माझ्याकडं एवढं राहिलंय: तक्ता चुकला नव्हता, मी तो तसा केला होता, तिनं मशीनवर लिहिलेलं मी वाचलं होतं, आणि ते चांगलं होतं. हे मी तिला तोंडानं सांगायचं आहे, आणि अजून सांगितलेलं नाही.